जागा देणारी माणसे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मंडळाची जुनी इतिवृत्ते आम्ही पुन्हा एकदा चाळली. पन्नास वर्षांच्या त्या वह्यांत सचिव बदलले, हस्ताक्षरे बदलली, शाईचा रंगही बदलला. परंतु एक वाक्य मात्र पुनःपुन्हा भेटत राहिले : 'जागेअभावी कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला.' गणेशोत्सव कधी शाळेच्या पटांगणात, कधी सेक्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये. कोजागिरी कोणा सभासदाच्या गच्चीवर. आणि ग्रंथालय दोन कपाटांत, ती कपाटे ज्याच्या घरी त्याची बदली होईपर्यंत.

यंदा या स्मरणिकेच्या जाहिराती आमच्या निवृत्त सभासदांनी जमविल्या. त्या फेरीत एका बांधकाम व्यावसायिकाने पानभर जाहिरात तर दिलीच, शिवाय 'मंडळासाठी कायमचे काही करता आले तर सांगा,' असेही बोलून दाखविले. कार्यकारिणीत यावर बराच खल झाला. कोणी म्हणाले, 'आलेली लक्ष्मी परत धाडू नये'. कोणी म्हणाले, 'बिल्डरचा पैसा गणपतीच्या मांडवात नको.' निर्णय झाला नाही. परंतु जमिनीवर धन मिळविणाऱ्याने समाजकार्यास हातभार लावावा काय, लावला तर कसा, आणि समाजाने तो कोणत्या रीतीने घ्यावा, हा प्रश्न जुना आहे. मराठी माणसापुढे त्याचे एक थोर उदाहरणही आहे. तेच येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

नामदार जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. त्यानंतर आठवड्याभरातच, १७ फेब्रुवारीस, मुंबईच्या किल्ल्यात प्रचंड आग लागली. त्या आगीने दाट वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला आणि किल्ल्याबाहेर नव्या वस्तीला वेग आला. नानांचे घराणे मूळचे मुरबाडचे. पूर्वजांनी मुंबईत व्यापारात लौकिक मिळविला होता. वडील शंकरशेट १८२२ मध्ये निवर्तले, तेव्हा ऐन तारुण्यात नानांच्या हाती मोठी संपत्ती आली. पुढे शहर जसजसे उत्तरेकडे सरकले, तसतसे गिरगाव, ताडदेव, ग्रँट रोड या भागांतील जमिनींचे मोल वाढत गेले. नाना या परिसरातील बडे मिळकतदार. आजचा 'डेव्हलपर' हा शब्द त्या काळी नव्हता; तरी वाढत्या शहराबरोबर ज्यांची जमीन मोलाची झाली, अशांपैकी ते एक होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या संपत्तीतून नानांनी देणग्या पुष्कळ दिल्या. त्यांचा पाढा शालेय पुस्तकांतून सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते त्यांनी दिलेल्या जागांकडे.

१८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक व विद्यार्थी यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. तरुण दादाभाई नौरोजी तिच्या अग्रणींपैकी होते. १८४९ मध्ये या मंडळींनी मुलींच्या शाळा काढावयाचे ठरविले. शिकविणारे विनावेतन शिकविण्यास सिद्ध होते. अडचण होती ती जागेची. मुलींनी शिकावे ही कल्पनाच ज्या समाजाला असह्य होती, त्या समाजात शाळेस घर कोण देणार? नानांनी आपल्या वाड्यातच मराठी मुलींच्या शाळेस जागा दिली. येथे दान केवळ चार भिंतींचे नव्हते. नानांच्या वाड्यात भरणाऱ्या शाळेवर उघड चिखलफेक करणे कोणासही सोपे नव्हते. जागेबरोबर त्यांनी आपली प्रतिष्ठाही त्या मुलींच्या पाठीशी उभी केली.

दुसरे उदाहरण नाट्यगृहाचे आहे आणि ते अधिक बोधप्रद आहे. किल्ल्यातील जुनी नाट्यशाळा कर्जात बुडून १८३५ मध्ये विकली गेली होती. नवी नाट्यशाळा व्हावी, अशी मागणी नागरिकांनी सरकारकडे केली, तीत नाना होते. आणि तिच्यासाठी ग्रँट रोडवरील आपली जागा त्यांनी दिली. १८४६ मध्ये हे नाट्यगृह उघडले. अपेक्षा अशी की, तेथे इंग्रजी नाटके होतील आणि साहेब लोक येतील. परंतु किल्ल्यापासून ती जागा दूर पडे, आजूबाजूची वस्ती साहेबांना रुचेना, आणि प्रेक्षक रोडावले. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता दान फसले. तथापि ज्यांचा विचार बांधणाऱ्यांनी केलाच नव्हता, ते लोक तेथे आले. १८५३ मध्ये सांगलीहून आलेल्या विष्णुदास भावे यांच्या मंडळीने त्या रंगमंचावर मराठी नाटक केले, आणि त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीनेही तेथेच आपला आरंभ केला. मराठी आणि पारशी रंगभूमीला महानगरातले पहिले भक्कम व्यासपीठ मिळाले, ते असे दुसऱ्याच हेतूने दिलेल्या जमिनीवर.

यावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. रोख देणगी दात्याने सांगितलेल्या कामी येते आणि संपते. जागा मात्र दात्याच्या हेतूपेक्षा दीर्घायुषी असते. तिचा उपयोग कोण, कसा करील, हे देणाऱ्यास ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसतानाही देणे हेच तिच्यातले औदार्य. नानांनी पुढे त्या रंगमंचावर केवळ इंग्रजीच चालावे असा हट्ट धरला असता, तर आपल्या रंगभूमीच्या इतिहासातले एक पान कोरेच राहिले असते.

नाना हे निःस्वार्थ संन्यासी होते, असे चित्र रंगविण्याची मात्र आवश्यकता नाही. ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या संचालकांपैकी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्यात शहराचे हित होते आणि शहरात मिळकती असणाऱ्यांचेही होते. शहर वाढले तर आपले भले, आणि शहर चांगले वाढले तर सर्वांचे भले, हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी दिसू शकते. सोनापूरची स्मशानभूमी तेथून हलविण्याचा बेत झाला, तेव्हा त्याविरुद्ध नाना उभे राहिले. तेथे त्यांचा नफा कोणता? लोकांमध्ये राहणारा धनिक आणि लोकांना केवळ गिऱ्हाईक समजणारा धनिक, यांतला भेद अशा प्रसंगी कळतो. ३१ जुलै १८६५ रोजी नाना गेले. त्यांच्या नावाने मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी जी शिष्यवृत्ती सुरू झाली, तिचे मानकरी १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुख ठरले. आणि याच चिंतामणरावांनी पुढे आपल्या दिल्लीत, सरकारने दिलेल्या जमिनीवर, इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभे केले. ते १९६२ मध्ये उघडले. नानांच्या नावाचा हा धागा असा आमच्या गावापर्यंत येऊन पोहोचतो.

आता दिल्लीकडे वळू. १९११ च्या दरबारात राजधानी हलविण्याची घोषणा झाली आणि नव्या शहराची बांधकामे निघाली, तेव्हा पंजाबातून आलेल्या शीख कंत्राटदारांचे भाग्य उजळले. त्यांतील सर सोभासिंग यांनी साउथ ब्लॉक आणि इंडिया गेटसारख्या कामांत भाग घेतला, पडीक भासणाऱ्या जमिनी अल्प दराने घेतल्या, आणि नवी दिल्ली नगरपालिकेचे अध्यक्षपदही भूषविले. खान मार्केटजवळचे सुजानसिंग पार्क ही त्यांनी वडिलांच्या नावे उभारलेली वास्तू. खाजगी बांधकाम व्यावसायिकाची ही परंपरा दिल्लीत आहे; परंतु आमच्या रामकृष्णपुरमला तिचा स्पर्श झाला नाही. येथे बांधणारे केंद्र सरकार, घरमालक सरकार आणि भाडेकरूही सरकारचेच नोकर. मुनीरका, मोहम्मदपूर या गावांची शेतजमीन संपादित होऊन हे सेक्टर वसले. म्हणजे आमच्या वसाहतीस जागा देणारी माणसे पाहू गेल्यास ती त्या गावांतील शेतकऱ्यांतच सापडतील. आणि त्यांच्या नावाचा फलक कोठेही नाही. जागेअभावी कुरकुरताना ही गोष्ट आम्ही विसरू नये.

याच सरकारी वसाहतीत आमच्या दाक्षिणात्य बंधूंनी काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. सेक्टर सातच्या टेकडीवरील मलई मंदिर १९७३ मध्ये पूर्ण झाले. दिल्ली तमिळ संघाचीही येथे स्वतःची वास्तू आहे. वर्षानुवर्षे चिकाटी धरली, तर बदलीच्या नोकरांचा समाजही कायमची जागा मिळवू शकतो, हे त्यावरून सिद्ध होते. आम्हां मराठी मंडळींची दृष्टी पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनाकडे लागलेली राहिली आणि घराशेजारी काही उभारणे राहून गेले.

काळ आता पुन्हा पालटला आहे. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी २५,६६७ घरे, आणि खर्चाची भरपाई व्यापारी जागांच्या विक्रीतून, अशी ती योजना. शेजारचे मोहम्मदपूर, सरोजिनीनगर, नौरोजीनगर ही त्यांतलीच. सरकारच येथे विकासक झाले. दुसरीकडे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, पाचशे कोटींचे नक्त मूल्य, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा असलेल्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. आणि त्यात आपल्या कामाच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही ते कलम सांगते. जे नानांच्या काळी संस्काराचे होते, ते आज कलमाचे झाले. त्यात वाईट काही नाही. परंतु कलमाने टक्के मोजता येतात. आपल्या वाड्याचे दार कोणासाठी उघडावे, ते कलम सांगत नाही.

राहता राहिला आमच्या कार्यकारिणीपुढचा प्रश्न. आमच्यांतील बहुसंख्य सभासद केंद्र सरकारचे सेवक आहेत. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील बारावा नियम पूर्वपरवानगीवाचून कोणत्याही कारणासाठी वर्गणी मागण्यास अथवा स्वीकारण्यास आम्हांस मनाई करतो. पुष्कळांना तो जाचक वाटतो. आम्हांस मात्र तो शहाणपणाचा वाटत आला आहे. ज्याची फाइल उद्या टेबलावर येऊ शकते, त्याच्या दारी आज झोळी घेऊन जाऊ नये. म्हणून निवृत्त सभासदांनी व्यवहार पाहावा, तो लेखी असावा, आणि त्याचा हिशेब पुढील स्मरणिकेत कोणासही वाचता येईल असा छापावा.

आणि मागावयाचेच, तर आम्ही रोख रक्कम, कमान किंवा संगमरवरी पाटी मागू नये. एक खोली मागावी : जीत आमची दोन कपाटे राहतील, सायंकाळी मुलांचा मराठीचा वर्ग भरेल, आणि आमचा कार्यक्रम नसेल त्या दिवशी शेजारच्या तमिळ, बंगाली वा मुनीरक्याच्या मुलांनाही बसता येईल. तिच्या वापराचा हक्क कागदावर असावा. तिचा वापर कसा होईल, याचा हट्ट देणाऱ्याने धरू नये आणि घेणाऱ्या आम्हीही धरू नये. ग्रँट रोडच्या नाट्यगृहाने एवढे तरी आम्हांस शिकविलेच आहे.

हीरक महोत्सवाची स्मरणिका काढणारे सचिव आमच्या वह्या उघडतील, तेव्हा त्यांना ते जुने वाक्य यापुढील पानांवर आढळू नये, एवढीच आमची इच्छा आहे.