डाखाकडून दाबाकडे

मोटारीच्या इतिहासात इंजिनाचे गुणगान पुष्कळ झाले. तिच्या अंगातून फिरणाऱ्या तारांची विचारपूस मात्र गाडी रस्त्यात बंद पडल्यावरच होते. प्रारंभीच्या मोटारींत तारा होत्याच किती? अनेक गाड्यांचे दिवे ॲसिटिलीन वायूचे, आणि इंजिन चालू करावयाचे ते हँडल मारून. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, बरोबर विजेचे दिवे आले, आणि तारांचा संसार वाढू लागला.

संसार वाढला म्हणजे सांधेही वाढतात. त्यांवर जुना उपाय डाखाचा, म्हणजे कथील व शिसे वितळवून तार जोडण्याचा. घरच्या रेडिओत असा सांधा वर्षानुवर्षे टिकतो, कारण रेडिओ जागचा हलत नाही. मोटार सदैव थरथरते. वितळलेला डाख तारेच्या बारीक पदरांतून वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि लवचीक भाग जेथे सुरू होतो नेमकी तेथेच तार थकून तुटते.

१९४१ साली अमेरिकेत यू. ए. व्हिटेकर यांनी ‘एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापिली. गिऱ्हाईक कोण, ते नावातच आहे. युद्धाच्या घाईत विमानांतील व जहाजांतील असंख्य सांधे एकेक तापवीत बसणे शक्य नव्हते. तारेचे टोक धातूच्या नळीत घालावयाचे आणि हत्याराने दाबावयाचे, एवढीच ही युक्ती. परंतु त्या दाबाने नळी व तार दोन्ही कायमची आकार बदलतात, तांब्यावरील ऑक्साइडचा थर फुटतो, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि मध्ये हवेला वाव राहत नाही. दाब कमी पडला तर सांधा तापतो. अधिक झाला तर पदर तुटतात. म्हणूनच चांगल्या पकडीला रॅचेटचे दाते असतात. पुरा दाब बसल्यावाचून ती सुटत नाही. साध्या पकडीने थिंबल चेपून देणारे मिस्त्री गावोगाव आहेत. तो सांधा दिसावयास बरा, पण पावसाळा काढील याची हमी आम्ही देणार नाही.

नळीवर दाब देण्याचे काम यंत्रे करू लागली, तरी तारांची जुडी फळीवर मांडून बांधण्याचे काम अजून बहुतांशी माणसांच्या हातांनीच होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हा स्त्री व कोलोमिया या पश्चिम युक्रेनमधील गावांतले लिओनी कंपनीचे कारखाने थांबले. मार्चमध्ये जर्मनीत फोक्सवॅगन व बीएमडब्ल्यू यांना काही ठिकाणचे उत्पादन बंद ठेवावे लागले. इंजिने होती, चाके होती. तारांच्या जुड्या तेवढ्या आल्या नव्हत्या.