रोम किती दिवसांत पाहून होते?

इसवी सन ९९०. इंग्लंडमधील कँटरबरीचे नवे आर्चबिशप सिगेरिक रोममध्ये दाखल झाले. पदाचे चिन्ह म्हणून खांद्यावर घ्यावयाची लोकरीची पट्टी, अर्थात 'पॅलियम', पोपच्या हातून स्वीकारणे हे त्यांचे काम होते. परतण्यापूर्वी त्यांनी शहर पाहून घेतले. सोबतच्या कोणीतरी केलेली त्याची त्रोटक नोंद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तीत तेवीस चर्चची नावे क्रमाने येतात. मध्येच 'तिथून घरी', मग 'सकाळी', आणि लॅटरनच्या चर्चनंतर पोप जॉन यांच्यासमवेत झालेल्या भोजनाचा उल्लेख. या खुणांवरून अभ्यासक हा सारा कार्यक्रम जेमतेम दोन दिवसांचा मानतात.

दोन दिवसांत तेवीस चर्च, मध्ये पोपकडचे जेवण! पहिल्या दिवशी तर तटबंदीबाहेरच्या दूरदूरच्या चर्चनाही भेट देऊन झाली होती. नोंदीत कलोसियम नाही, फोरम नाही. पँथिऑन आहे, परंतु ते चर्च झालेले होते म्हणून आणि 'सांता मारिया' या नावाने आहे. सिगेरिक यांनी रोम पाहिले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या रोमसाठी ते आले होते, ते त्यांनी पुरेपूर पाहिले.

मोठे शहर थोड्या दिवसांत कसे पाहावे, हा प्रश्न आज मोबाइलवर सोडवला जातो. रोममध्ये त्या प्रश्नाचे वय हजार वर्षांहून अधिक आहे. आणि तेथे त्याची उत्तरे केवळ कागदावर राहिली नाहीत. पाहुण्यांच्या दिवसांच्या हिशेबाने त्या शहरात रस्ते काढले गेले, पूल बांधले गेले आणि घरेही पाडली गेली.

सिगेरिक यांच्याही सुमारे दोनशे वर्षे आधीची एक वाटाड्या-यादी स्वित्झर्लंडमधील आइनझीडेल्नच्या मठात जपलेली आहे. तिची रचना पाहण्यासारखी आहे. शहराच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंतचा एकेक मार्ग घ्यायचा, आणि चालणाऱ्याच्या डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय, ते समोरासमोर लिहायचे. प्राचीन स्नानगृहे, कमानी, चर्च सारे एकाच रांगेत. वर्णन नाही, भक्तिभाव नाही. फक्त डावे आणि उजवे. दिवसांची वाटणी मात्र तीत नाही. यादी वाट दाखवते, वेळ ठरवत नाही.

वेळ ठरवली ती पोप बोनिफेस आठवे यांनी. फेब्रुवारी १३०० मध्ये त्यांनी पहिले 'जुबिली वर्ष' घोषित केले. संत पीटर आणि संत पॉल यांच्या बॅसिलिकांचे दर्शन घेऊन पापांची कबुली देणाऱ्यास पापदंडातून संपूर्ण माफी. अट अशी की रोमच्या रहिवाशांनी हे दर्शन तीस दिवस घ्यावे, बाहेरून आलेल्यांनी पंधरा दिवस, आणि दिवसातून निदान एकदा. आपल्याकडे काशीची पंचक्रोशी पाच दिवसांच्या मुक्कामांत बांधलेली असते. परंतु तेथे दिवस वाटेच्या लांबीवरून पडतात. रोममध्ये वाट तीच राहून दिवस धर्माज्ञेने ठरले.

या पंधरा दिवसांचा दुसरा अर्थ तितकाच महत्त्वाचा होता. प्रत्येक यात्रेकरूला पंधरा रात्री कोठेतरी झोपायचे होते, पंधरा दिवस जेवायचे होते, घोड्याला चारा घालायचा होता. फ्लॉरेन्सचा व्यापारी जोव्हान्नी विल्लानी त्या वर्षी रोमला गेला होता. त्याच्या मते वर्षभर शहरात कोणत्याही वेळी दोन लाख यात्रेकरू होते. हा आकडा अतिशयोक्त वाटतो. मध्ययुगीन इतिवृत्तकारांचे मोठे आकडे 'फार गर्दी होती' इतक्याच अर्थाने घेणे बरे. (आपल्या शहराचा इतिहास लिहिण्याची कल्पना आपल्याला याच यात्रेत सुचली, असे विल्लानीने नमूद केले आहे. सहलीतून इतके मोठे फलित क्वचितच निघाले असेल.) गर्दीची दुसरी साक्ष दान्तेच्या 'इन्फेर्नो'त आहे. संत पीटरकडे जाणाऱ्या पुलावर जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची रांग वेगळी केली होती, याचा उल्लेख त्याने नरकातील पापी जिवांच्या दोन उलटसुलट रांगांची उपमा देताना केला आहे.

बोनिफेस यांनी जुबिली शंभर वर्षांतून एकदा योजली होती. रोमकरांना तो धीर धरवला नाही. त्यांच्या शिष्टमंडळाच्या विनंतीवरून पोप क्लेमेंट सहावे यांनी हे अंतर पन्नास वर्षांवर आणले, आणि पंधराव्या शतकात ते पंचवीसवर आले. दरम्यान दर्शनाच्या बॅसिलिकाही दोनाच्या चार झाल्या.

१४५० च्या जुबिलीत फ्लॉरेन्सचा धनाढ्य जोव्हान्नी रुचेल्लाई रोमला आला. त्याने लिहून ठेवलेला दिनक्रम आजच्या कोणत्याही पर्यटकाला ओळखीचा वाटेल. सकाळी घोड्यावरून चार बॅसिलिकांचे दर्शन. जेवणानंतर पुन्हा घोड्यावर बसून प्राचीन भिंती आणि अवशेष धुंडाळणे. संध्याकाळी मुक्कामी परतून दिवसभरात जे पाहिले त्याचे टिपण. एकाच दिवसाचे त्याने दोन भाग केले होते, सकाळ पुण्याची आणि दुपार कुतूहलाची. सिगेरिक यांच्या यादीत जे रोम नव्हते, ते रुचेल्लाईच्या दुपारीत शिरले. पाटी लावलेल्या खाणावळी-सराया शहरात १०२२ आहेत, अशीही नोंद त्याने केली आहे. व्यापाऱ्याचीच नजर ती.

त्याच वर्षी डिसेंबरात ती दुर्घटना घडली. संत पीटरहून परतणारा जमाव तायबर नदीवरील सांतान्जेलो पुलावर आला. समोरून येणाऱ्या एका खेचरामुळे वाट अडली, मागून रेटा वाढत गेला. पुलावर आणि त्याच्या तोंडाशी दुकाने आणि घरे असल्याने माणसांना बाजूला सरायलाही जागा नव्हती. कोणी चेंगरून, कोणी नदीत पडून, सुमारे दोनशे माणसे मरण पावली. दीडशे वर्षांपूर्वी जेथे दोन रांगांची शिस्त लावली होती, तोच हा पूल. यात्रेकरूंचे दिवस, मार्ग आणि वेळ सर्वांचे एकच असेल तर काय होते, हे त्या संध्याकाळी कळले.

पोप निकोलस पाचवे यांनी पुलाच्या तोंडाशी असलेली बांधकामे पाडून जागा मोकळी केली आणि मृतांच्या स्मरणार्थ तेथे दोन लहान प्रार्थनागृहे बांधली. पुढे सिक्स्टस चौथे यांनी १४७५ च्या जुबिलीच्या निमित्ताने नदीवर आणखी एक पूल उभारला; तो 'पोन्ते सिस्तो' आजही वापरात आहे. येथपासून रोममध्ये एक पायंडाच पडला. जुबिली जवळ आली की कोठेतरी कुदळ पडायची.

या पायंड्याची परिसीमा गाठली सिक्स्टस पाचवे यांनी. तत्पूर्वी, १५५० च्या दशकात, फिलिप्पो नेरी या धर्मगुरूने सात चर्चची जुनी पदयात्रा लोकप्रिय केली होती. सुमारे वीस किलोमीटरची वाट, गाणी-भजने, आणि मध्ये एका बागेत बसून पाव, चीज, अंडी आणि थोडी वाइन. लोक आनंदाने चालत. परंतु या चर्चना जोडणाऱ्या वाटा ओसाड टेकड्या आणि द्राक्षमळे यांतून वेड्यावाकड्या जात. सिक्स्टस यांना अवघी पाच वर्षे मिळाली, १५८५ ते १५९०. तेवढ्यात त्यांनी वास्तुविशारद डोमेनिको फोंताना याच्याकडून टेकड्यांची पर्वा न करता सरळसोट रस्ते आखून घेतले. संत पीटर, सांता मारिया माज्जोरे, लॅटरन आणि शहराची उत्तर वेस, या चारही ठिकाणी प्राचीन इजिप्शियन ओबेलिस्क उभे केले. परक्या माणसाने मान वर केली की पुढचा टप्पा दिसावा. भाविकांना पवित्र स्थळी पायी, घोड्यावर वा गाडीतून थेट जाता यावे हा रस्त्यांचा हेतू फोंतानाने स्वतःच लिहून ठेवला आहे. शहराचा नकाशाच यात्रेची दिनदर्शिका झाला.

याची किंमतही होती. पॅलाटाइन टेकडीच्या पायथ्याशी सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याने उभारलेल्या 'सेप्टिझोडियम' या भव्य स्तंभरचनेचे अवशेष तोवर उभे होते. आफ्रिकेकडून आप्पियन मार्गाने शहरात शिरणाऱ्याच्या नजरेत भरावी म्हणून ती बांधली, असे एक प्राचीन चरित्र सांगते. सिक्स्टस यांच्या बांधकामांना दगड हवा होता. ते अवशेष त्यासाठी पाडण्यात आले. आल्यागेल्याच्या डोळ्यांसाठी उभारलेली वास्तू पुढच्या आल्यागेल्यांच्या सोयीसाठी गेली.

पुस्तकांचा प्रवास मात्र वेगळ्या दिशेने झाला. १५५७ च्या सुमारास शेकर्ली नावाच्या एका इंग्रजाची लहानशी 'गीदा रोमाना' इटालियन भाषेत छापली गेली. प्राचीन अवशेष पाहू इच्छिणाऱ्या परदेशी माणसासाठी तिने रोमची तीन दिवसांत वाटणी केली. पहिला, दुसरा, तिसरा दिवस ही आज इतकी सवयीची वाटणारी मांडणी येथे छापील स्वरूपात आढळते, आणि तिचा आधार आता पुण्य नसून कुतूहल आहे. १६४४ मध्ये फिओराव्हांते मार्तिनेल्ली याने दहा दिवस सुचवले. १७६३ मध्ये कोरीव चित्रकार जुझेप्पे व्हाझी याने आठ 'स्टेशने किंवा दिवस' केले. 'स्टेशन' हा शब्द चर्चच्याच परंपरेतला. उपवासकाळात रोज एका नेमलेल्या चर्चमध्ये जमण्याची रोमची प्रथा त्या नावाने ओळखली जाते. यात्रा मागे पडली तरी तिचा शब्द मार्गदर्शक पुस्तकात टिकला.

सर्वांनाच पुस्तक वा वाटाड्या मानवला असे नाही. फ्रेंच निबंधकार माँतेन १५८० च्या अखेरीस रोमला पोहोचला. त्याने एक फ्रेंच वाटाड्या ठरवला, तो काही लहरीने सोडून गेला. माँतेनला ते झोंबले. संध्याकाळी नकाशे आणि ग्रंथ वाचून घ्यायचे, दिवसा प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळायचे, असा क्रम त्याने लावला. थोड्याच दिवसांत तो आपल्या वाटाड्यालाच वाट दाखवू शकला असता, असे त्याचा लेखनिक दैनंदिनीत नोंदवतो.

अठराव्या शतकात इंग्रज सरदारपुत्रांच्या झुंडी शिक्षण पूर्ण करण्यासाठी इटलीत येऊ लागल्या. हॅमिल्टनच्या ड्यूकसोबत आलेले डॉक्टर जॉन मूर सांगतात की, रोमच्या जाणकार वाटाड्यासोबतचा रीतसर अभ्यासक्रम रोज तीन तास याप्रमाणे सुमारे सहा आठवडे चाले. त्यांच्या परिचयाच्या एका तरुण इंग्रजाला हे गोगलगायीचे दर्शन असह्य झाले. त्याने भल्या पहाटे चार घोड्यांची गाडी मागवली आणि चर्च, राजवाडे, बागा, अवशेष यांतून ती भरधाव पिटाळली. दोन दिवसांत सारे संपले. इतरांनी सहा आठवड्यांत पाहिलेली प्रत्येक वस्तू आपणही पाहिली, हे तो हातातील यादीवर खुणा दाखवून सिद्ध करू शकत होता! मूर यांनी हा किस्सा थट्टेने सांगितला आहे. सिगेरिक आणि हा तरुण, दोघांचेही दिवस दोनच आणि दोघांचीही यादी पूर्ण. तथापि सिगेरिक यांना प्रत्येक नावाशी काहीतरी मागायचे होते.

एकोणिसाव्या शतकात काय थांबून पाहावे आणि काय चालता चालता, याचा निवाडा चिन्हांवर आला. मारियाना स्टार्क हिने उत्तम कलाकृतींपुढे उद्गारचिन्हे देण्याची पद्धत वापरली. बेडेकरच्या पुस्तकांत तारे आले. तारा नसलेल्या गल्लीत शिरण्यास पाहुण्याला कारण उरले नाही.

मुसोलिनीच्या राजवटीने अशा गल्ल्याच उरू दिल्या नाहीत. १९३२ मध्ये कलोसियमपासून पियात्सा व्हेनेत्सियापर्यंत रुंद संचलनमार्ग खुला झाला. त्यासाठी आलेस्सांद्रिनो नावाची दाट वस्ती आणि वेलिया टेकडीचा मोठा भाग नाहीसा झाला. १९३६ पासून संत पीटरच्या चौकासमोरील बोर्गो वस्तीचा कणा पाडण्यास आरंभ झाला आणि १९५० च्या जुबिलीपर्यंत 'व्हिया देल्ला कोंचिलियात्सियोने' हा प्रशस्त रस्ता तयार झाला. हटवलेल्या कुटुंबांची रवानगी शहराच्या कडेला वसवलेल्या नव्या वसाहतींत झाली. पूर्वी अरुंद बोळांतून चालणाऱ्यापुढे बेर्निनीचा प्रचंड स्तंभवर्तुळाकार चौक एकाएकी उलगडे. आता तो दुरूनच दिसतो. वेळ वाचतो, हे खरे.

२०२५ च्या जुबिलीसाठी याच रस्त्याचे नदीकडचे टोक, पियात्सा पिया, वाहनांसाठी भुयारी मार्ग काढून पादचाऱ्यांना मोकळे करण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये ते खुले झाले. तेथून सांतान्जेलो पूल हाकेच्या अंतरावर आहे. खोदकाम चालू असताना जमिनीखाली दुसऱ्या शतकातील कपडे धुण्या-रंगवण्याच्या कारखान्याचे अवशेष निघाले, आणि त्याखाली नदीकाठच्या एका उद्यानाची भिंत व स्तंभमार्ग. एका शिशाच्या नळीवर सम्राट कॅलिग्युलाचे नाव कोरलेले होते. काम मुदतीत संपवायचे होते. कारखान्याचे अवशेष उचलून शेजारच्या किल्ल्याच्या बागेत हलवण्यात आले, आणि भुयारी मार्ग ठरल्या वेळी पूर्ण झाला.