अंगात आलेला इतिहास

आमच्या नगरला इतिहासाचा तोटा नाही, फक्त तो पत्त्यावर सापडत नाही. डोंगरावरच्या ज्या तीन मजली वास्तूला अख्खा जिल्हा ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो, ती मुळात सलाबतखानाची कबर. चांदबिबीने मोगलांशी किल्ला लढवला तो १५९५-९६ साली, आणि तो किल्ला खाली गावाजवळ. पण लोकांनी डोंगरावरचा महाल तिच्या नावावर चढवला तो कायमचाच. सात-बाऱ्यावरचे फेरफार इतक्या एकमताने होत नाहीत!

दगडांवर असा भरवसा नसल्यामुळे असेल, आपण इतिहास माणसांना नेसवतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत महाराज घोड्यावर असतात. पोशाख भाड्याचा, दाढी भाड्याची आणि घोडा लग्नाचा. बँडने नागीण धरली की तो सवयीने नाचू लागतो, आणि महाराजांचा एक हात जिरेटोपावर तर दुसरा दाढीवर जातो. अहिल्यादेवींचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, १७२५ सालचा. त्यांच्या जयंतीला गल्लोगल्लीच्या मुली पांढरं लुगडं नेसून, हातात पिंड धरून उभ्या राहतात. तास-दोन तास एकही हलत नाही. एरवी याच मुली वर्गात पाच मिनिटं गप्प बसत नाहीत म्हणे.

बहुरूपी तर पिढीजात. आमच्या शाखेत एकदा एक जण फौजदार होऊन आला आणि “चला, वॉरंट आहे!” म्हणून गरजला. कॅशियर हसला, मॅनेजरसाहेब मात्र उभे राहिले. बक्षिशीही त्यांनीच दिली.

अमेरिकेत याची रीतसर नोकरी असते. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला १९२६ पासून रॉकफेलरच्या पैशातून अठराव्या शतकातलं गाव पुन्हा उभारलं. तिथे जेफरसन, पॅट्रिक हेन्री वगैरे मंडळी भेटतात, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात आणि पगार घेतात. आपल्या काळानंतरचं काही विचारलं की काहीच न कळल्याचा चेहरा करतात. (काउंटरवर आम्हालाही तो चेहरा उत्तम जमतो, पण तिकडे त्याला कला म्हणतात.)

आपल्याकडे १९८५ साली बाबासाहेब पुरंदऱ्यांनी ‘जाणता राजा’मध्ये हत्ती-घोडे उभे केले. डोळे दिपले. पण मला खरी धास्ती वाटते ती सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय मी सावित्रीबाई’ची. १९८९ पासूनचा हा एकपात्री प्रयोग. ना हत्ती, ना घोडा. एक बाई समोर उभी राहते आणि मीच सावित्री म्हणून बोलू लागते. शाळेत जाताना अंगावर शेण पडायचं म्हणून दुसरं लुगडं जवळ ठेवायचं, ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचून दोन मार्कांना लिहून मोकळे झालेलो असतो. तीच गोष्ट ‘मी’ म्हणून कुणी सांगू लागलं की पंचाईत होते. शेण फेकणारे कोण होते? इंग्रज नव्हते, मोगल नव्हते. तुमच्या-आमच्यासारखेच, जेवून-खाऊन सुखी, गावाची काळजी वाहणारे सद्गृहस्थ! मिरवणुकीत आपण आपोआप महाराजांच्या बाजूचे असतो. इथे आपली खुर्ची कुठल्या बाजूला मांडली आहे तेच कळत नाही.

या सावित्रीबाई अध्यापनाचे धडे घ्यायला नगरला आल्या होत्या, असं चरित्रकार सांगतात. शिकवणाऱ्या सिंथिया फरार. न्यू हॅम्पशायरमध्ये १७९५ साली, वॉशिंग्टन अध्यक्ष असताना जन्मलेल्या. १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला, आणि १८६२ साली नगरातच वारल्या. म्हणजे विल्यम्सबर्गच्या जमान्यातली एक अस्सल अमेरिकन बाई आमच्या गावात तेवीस वर्षं मुलींना शिकवत होती. तिचं सोंग मात्र मी अजून कुणी घेतलेलं पाहिलं नाही. पोशाखवाल्याकडे चौकशी केली. “मडमेचा ड्रेस आहे,” तो म्हणाला, “पण गॉगल सोबत घ्यावा लागेल.”