बॅटीची साक्ष आणि कारखान्याची वही

बेसबॉल हा आपला खेळ नव्हे. आपल्या वस्तीत, गल्लीत क्रिकेट. तरीही अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉल-बॅटींविषयी ह्या पानांवर लिहावे असे मला वाटले. त्या बॅटी खऱ्या की खोट्या हे ठरवण्याची जी रीत तिकडे रूढ आहे, ती पाहिली की आपल्या ओळखीचा एक प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. पुरावा कशाला म्हणायचे आणि तो कोणाच्या घरी ठेवलेला असतो?

नामवंत खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यात वापरलेली बॅट मिळवण्यासाठी तिकडचा श्रीमंत संग्राहक वाटेल तेवढा पैसा मोजतो. बेब रूथ ह्या गोऱ्या खेळाडूने १९२३ साली न्यूयॉर्कच्या नव्या यांकी स्टेडियममध्ये पहिला होमरन ज्या बॅटीने मारला, ती बॅट २००४ साली लिलावात १२ लाख ६५ हजार डॉलरला गेली. पैसा आला तिथे लबाडी आलीच. जुनी दुकानी बॅट घ्यायची, घासायची, मुठीला डांबर फासायचे आणि अमक्या खेळाडूची म्हणून खपवायची. त्यामुळे बॅट तपासणाऱ्यांचा एक स्वतंत्र धंदाच तिथे उभा राहिला.

हा तपास समजून घेण्यासारखा आहे. आधी पाहतात तो छाप. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरातील हिलरिच अँड ब्रॅड्सबी हा कारखाना नामवंतांच्या बॅटी घडवण्यासाठी प्रसिद्ध. तेव्हा लाकूड मुख्यतः अॅश झाडाचे असे, आणि 'लुईव्हिल स्लगर' ही त्यांची मुद्रा होती. १९०५ साली होनस वॅग्नर ह्या खेळाडूशी करार होऊन त्याची सही बॅटीवर उमटली आणि सहीच्या बॅटीची चाल पडली. पुढे कारखाना आपला छाप थोडाथोडा बदलत गेला. कुठे एखादा शब्द वाढला, कुठे एखादे टिंब गेले. त्यावरून जाणकार माणूस बॅट साधारण कोणत्या वर्षांतली ते सांगतो. पण नामवंताची तीच सही पोरांसाठी दुकानात विकायच्या बॅटींवरही असे. म्हणून नुसत्या सहीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

मग वापराच्या खुणा. चेंडू आदळल्याचे डाग, त्याच्या शिवणीचे वळ, बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे, मुठीवरचे डांबर, बॅटी ठेवायच्या मांडणीचा लागलेला रंग, मुठीपाशी गेलेला तडा. डाग छापाच्या कोणत्या बाजूला आहेत ह्यावरून मारणारा उजवा की डावखुरा हेही कळते. रूथ १९२७ साली होमरन मारला की छापाभोवती एक खाच पाडी. २१ खाचांची त्याची एक बॅट लुईव्हिलच्या संग्रहालयात आहे. हा भाग मला फार आवडतो. वस्तूवर श्रमाने जे लिहिलेले असते ते इथे वाचले जाते. झिजलेल्या रापीची मूठ पाहून ती कोणाच्या हातची हे सांगणारी माणसे आपल्याकडेही होती. त्यांना कोणी तज्ज्ञ म्हटले नाही, एवढेच.

परंतु हे सगळे जुळले तरी तपासनीस अखेर वही मागतो. कोणत्या खेळाडूने कोणत्या तारखेला, किती इंच लांबीची, किती औंस वजनाची, कोणत्या घडणीची बॅट मागवली ह्याच्या कारखान्याने ठेवलेल्या नोंदी. खेळाडू आवडती बॅट फुटल्यावर तशीच दुसरी घडवण्यासाठी ती कारखान्याकडे परत पाठवत. तिथला कामगार तिच्यावर मेणपेन्सिलीने नाव आणि तारीख लिही. असे अक्षर असलेल्या बॅटीला फार मोल. जुन्या छायाचित्रातल्या लाकडाच्या रेषा हातातल्या बॅटीच्या रेषांशी जुळवूनही पाहतात. म्हणजे हाताने लाकडावर सोडलेली साक्ष एकटी पुरत नाही. तिला कागदाचा जामीन लागतो.

ह्या कागदात कोण आहे? जे ज्या लीगमध्ये खेळले, त्यांचा हिशोब तिथे. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा काळा खेळाडू १८८४ साली टोलेडोच्या संघातून मुख्य लीगमध्ये खेळला. त्यानंतर दार लागले ते १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरेपर्यंत. काळ्यांना घेऊ नये असा लेखी नियम ह्या लीगमध्ये नव्हता. मालकांची आपसातली समजूत होती. गावकीचे नियम तरी कुठे लिहिलेले असतात?

काळ्यांनी आपला खेळ आपण उभा केला. १९२० साली रूब फॉस्टर ह्यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. संघ बसमधून गावोगाव फिरत. कित्येक ठिकाणी त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे, खाणावळीत बसू देत नसत. जॉश गिब्सनसारखा फटकेबाज ह्याच मैदानांवर खेळला. २० जानेवारी १९४७ रोजी, रॉबिन्सन उतरण्याच्या तीन महिने आधी, वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला. पिट्सबर्गमधल्या त्याच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. संघ बुडाले, सामान विखुरले. खात्रीने निग्रो लीगमधल्या अमक्या खेळाडूची म्हणता येईल अशी बॅट म्हणूनच दुर्मीळ. तपासनीस इथे अप्रामाणिक नसतो. तो 'सिद्ध होत नाही' एवढेच म्हणतो. पण ज्या व्यवस्थेने नोंद होऊ दिली नाही, तिच्याच नोंदीच्या मापाने मोजल्यावर दुसरे काय निघणार?

आपल्याकडे तर गोष्ट त्याही आधी अडली. पालवणकर बाळू ह्या चर्मकार समाजातल्या गोलंदाजाने पुण्याला गोऱ्या साहेबांना तासन् तास चेंडू टाकले. सरावात त्यांना फलंदाजीची संधी दिली नाही असे सांगतात. बॅट हे साहेबांचे हत्यार. बाळू हिंदूंच्या संघाचे सामने जिंकून देत, आणि चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यातून घेत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. ही संख्या कागदावर राहिली, कारण सामने इंग्लंडात झाले. त्या मातीच्या भांड्याची नोंद कोणता क्लब ठेवणार? बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले आणि १९४८ साली त्यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मकथन प्रसिद्ध केले. वही दुसऱ्याच्या घरी असली, तर आपली आपण लिहावी लागते.

अमेरिकेतल्या काळ्यांनी ती लिहिली होती. 'पिट्सबर्ग कुरिअर', 'शिकागो डिफेंडर' ही त्यांची साप्ताहिके निग्रो लीगचे निकाल आणि धावफलक छापत. चार्ल्स 'टीनी' हॅरिस ह्या पिट्सबर्गच्या काळ्या छायाचित्रकाराने तिथले खेळाडू आणि तिथली वस्ती टिपून ठेवली. १९६९ साली मुख्य लीग कोणत्या हे ठरवणाऱ्या गोऱ्यांच्या समितीने सहा लीग मोजल्या. निग्रो लीगचा विचारसुद्धा केला नाही. १९७१ साली सॅचेल पेज ह्या काळ्या चेंडूफेक्याला कीर्तिमंदिरात घेण्याचे ठरले तेव्हा आधी वेगळे दालन योजले होते. वेगळे दालन! ओरड झाल्यावर तो बेत सोडला. पुढे १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मुख्य दर्जा मिळायला २०२० साल उजाडले, आणि दर्जा देताना मागच्या वगळण्याला 'नजरचूक' म्हटले गेले. सहा दशके दार लावून ठेवायचे आणि मग नजर चुकली म्हणायचे, हा शब्द मला पचत नाही.

तरी मे २०२४ मध्ये जे घडले ते मोठे आहे. जुन्या साप्ताहिकांतले धावफलक संशोधकांनी वर्षानुवर्षे एकेक करून उतरवले, ताडून पाहिले, आणि २३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे मुख्य विक्रमांत आले. टाय कॉबची कारकिर्दीची .३६७ ही सरासरी मागे पडून गिब्सनची .३७२ अव्वल ठरली. गिब्सनच्या बाजूने उभा राहिला तो त्याच्याच लोकांनी छापलेला कागद. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे ह्या नोंदी सुमारे ७५ टक्के पूर्ण झाल्या होत्या. उरलेले सामने जुन्या अंकांच्या फितींतून अजून शोधले जात आहेत.