बालसुरक्षा आसन

बालसुरक्षा आसन (प्रचलित नाव: कार सीट) हे लहान मुलांसाठी मोटारीच्या आसनावर घट्ट बसवले जाणारे स्वतंत्र आसन आहे. मोटारीचा पट्टा प्रौढांच्या मापाचा असल्याने तो मुलांच्या मानेवर व पोटावर येतो. धडकेच्या वेळी मांडीवरील मूल हातांनी धरून ठेवता येत नाही.

प्रकार
अर्भकांसाठी मागे तोंड असलेले आसन, त्यापुढील वयासाठी पुढे तोंड असलेले आसन आणि पट्टा योग्य जागी येण्यासाठी मोठ्या मुलांना उंच बसवणारे बूस्टर, असे तीन मुख्य प्रकार आहेत.

एकाहून अधिक आसने
मारुती सुझुकी अर्टिगासारख्या सात आसनी मोटारींत आयसोफिक्सच्या कड्या सहसा मधल्या रांगेच्या दोन्ही टोकांना असतात. त्यामुळे तिसरे आसन पट्ट्याने बांधावे लागते. बूस्टरसाठी खांद्यावरून जाणारा पट्टा आवश्यक असतो, केवळ कमरेचा पुरत नाही. शेजारची आसने एकमेकांवर चढत असल्यास किंवा पट्ट्याचे कुलूप झाकले जात असल्यास मुलांना दोन रांगांत बसवतात. अशा वेळी मागील रांगेकडे जाण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. एअरबॅग चालू असलेल्या पुढील आसनावर मागे तोंड असलेले आसन बसवणे धोकादायक असते.

भारतातील कायदा
मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम १९४ बी नुसार १४ वर्षांखालील मुलास सुरक्षा पट्टा किंवा बालसुरक्षा आसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड होतो.