करार मिळाला, प्रश्न राहिला

काशीच्या संकठा घाटावरून बोलतोय. वर संकटादेवीचं मंदिर. संकटातली बाई देवीकडे येते. पण नवरा नामांकित खेळाडू असेल तर संघाने काय करावं?

मार्च २०१८. मोहम्मद शमीवर पत्नीने छळाचे आरोप केले. त्याने ते नाकारले. बीसीसीआयने करार रोखला, पण चौकशी केली ती भ्रष्टाचाराची. त्यातून निर्दोष ठरताच, २२ मार्चला, करार मिळाला. घरातला प्रश्न पोलिसांवर सोडला.

अमेरिकी बेसबॉलने मात्र २०१५ मध्येच नियम केले: आधी चौकशीपुरती पगारी रजा, मग निर्णय.

फौजेत आम्ही कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवायचो. तिथे शिक्षा होत नाही; सगळ्यांचं ऐकून खरं काय ते नोंदवलं जातं. संघांनीही तेवढं करावं. जय हिंद!