एअरसॉफ्ट म्हणजे काय? बंदूक, गॉगल आणि ‘हिट’ म्हणायचा नियम: सगळं सोप्या भाषेत

बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळताना तुम्ही कोणाला तरी टिपता, समोरचा पडतो आणि तुमच्या नावापुढे एक किल वाढतो. गोळी लागली की नाही हे कोण ठरवतं? तुम्ही नाही आणि समोरचाही नाही. शेवटचा शब्द गेमच्या सर्व्हरचा असतो.

एअरसॉफ्ट हा बराचसा तसाच खेळ, पण खऱ्या झाडीत, खऱ्या चिखलात. आणि इथे सर्व्हरच नाही. छर्रा ज्याला लागला त्यानेच ‘हिट’ असं ओरडायचं आणि आपल्या पायांनी मैदानाबाहेर जायचं. छर्ऱ्यात सेन्सर नसतो, कपड्यांवर रंग उडत नाही, स्कोअर दाखवणारी स्क्रीन नसते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि नोकरीमुळे टोकियोत राहतो. आमच्या कामात सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात बसवतात: युजरच्या फोनवरून जे येईल त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, सर्व्हरवर तपासा. त्यामुळे सगळा भरवसा खेळाडूवरच टाकणारा खेळ चालतो तरी कसा, याचं मला आधीपासून कुतूहल होतं. आज तेच सांगतो, आणि सोबत बंदूक, बॅटरी, गॉगल यांचीही माहिती देतो.

एअरसॉफ्टची सुरुवात कुठे झाली?

जपानमध्ये. इथे १९५८ च्या कायद्यामुळे सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणं फार अवघड आहे. पण हुबेहूब दिसणाऱ्या मॉडेल बंदुका जमवण्याचा शौक मोठा होता. त्यातूनच १९७० च्या दशकात हवेच्या दाबाने प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका आल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तोक्यो मारुई या जपानी कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि खेळाचं रूपच बदललं. जपानमध्ये या खेळाला ‘सर्व्हायव्हल गेम’ म्हणतात, आणि बोलताना त्याचं छोटं रूप करतात, ‘साबागे’.

छर्रा गोल, प्लास्टिकचा आणि साधारण ६ मिमी व्यासाचा असतो. वजन बहुतेक वेळा ०.२० ते ०.२८ ग्रॅम. जत्रेत फुगे फोडायला जी एअरगन असते तिच्याशी याची गल्लत करू नका. ती धातूचा छर्रा मारते आणि माणसाकडे कधीच रोखायची नसते. पेंटबॉलमध्ये रंगाची गोळी फुटते, लेझर टॅगमध्ये जॅकेट दिवा लावून सांगतं. एअरसॉफ्टमध्ये पुरावा काहीच उरत नाही.

बंदूक आतून कशी चालते?

तीन मुख्य प्रकार आहेत.

* स्प्रिंगवाली: प्रत्येक वेळी हाताने ओढायची, एक छर्रा मारायचा. स्वस्त आणि साधी.
* गॅसवाली: मॅगझीनमध्ये गॅस भरतात. झटका खऱ्यासारखा बसतो, पण थंडीत गॅसचा दाब कमी होतो आणि बंदूक मलूल पडते.
* इलेक्ट्रिक: सगळ्यात जास्त वापरली जाणारी.

इलेक्ट्रिक बंदुकीत ट्रिगर दाबला की बॅटरी मोटर फिरवते. मोटर गिअर फिरवते. गिअर दट्ट्याला मागे ओढतो, त्यामुळे स्प्रिंग दाबली जाते. गिअरचे दात संपले की दट्ट्या सुटतो, पुढे झेपावतो आणि सिलिंडरमधली हवा छर्ऱ्याला नळीतून बाहेर ढकलते. सायकलच्या पंपासारखाच प्रकार, फक्त सेकंदाला दहा-पंधरा वेळा.

यातली सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे हॉप-अप. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूला रबराचा छोटासा उंचवटा असतो. छर्ऱ्याचा वरचा भाग त्याला घासतो, त्यामुळे छर्रा उलटा गरगरत बाहेर पडतो. या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलून धरते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. स्पिनरचा चेंडू हवेत वळतो त्यामागेही हेच कारण असतं. फिरकी बरोबर असेल तर हलका छर्रासुद्धा बराच वेळ सरळ जातो. जास्त झाली तर पुढे जाऊन आकाशाकडे वळतो. म्हणून छर्ऱ्याचं वजन बदललं की हॉप-अप पुन्हा जुळवावा लागतो.

ज्यूलचं गणित

बंदुकीची ताकद ज्यूलमध्ये मोजतात. सूत्र शाळेतल्या विज्ञानातलंच: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. जपानमध्ये २००६ च्या कायदाबदलानंतर ६ मिमी छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी ०.९८ ज्यूल ही मर्यादा पाळली जाते. म्हणजे ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे ९९ मीटरच्या आतच हवा. ०.२५ ग्रॅमचा असेल तर तेवढ्याच ऊर्जेला सुमारे ८८ मीटर. नुसता वेग सांगून उपयोग नाही, छर्ऱ्याचं वजनही सांगावं लागतं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या बंदुका तर याहून खूपच कमी ताकदीच्या असतात.

मैदानावर सकाळी प्रत्येकाची बंदूक क्रोनोग्राफवर तपासतात. या यंत्राच्या नळीत दोन प्रकाश-सेन्सर असतात. समजा दोघांत ६ सेंटिमीटर अंतर आहे आणि छर्रा ०.६७ मिलिसेकंदात पार झाला, तर वेग झाला सेकंदाला साधारण ९० मीटर, म्हणजे ताशी ३२४ किमी. तपासणीत पास झाली की बंदुकीवर खूण लावतात. नापास झाली तर त्या दिवशी ती बॅगेतच राहते.

बॅटरी: फोनसारखी, पण फोनइतकी सांभाळून घेणारी नाही

बऱ्याच बंदुकांत आता लिथियम-पॉलिमर बॅटरी वापरतात, दोन सेलची ७.४ व्होल्टची किंवा तीन सेलची ११.१ व्होल्टची. तुमच्या फोनच्या बॅटरीला जोडलेलं एक संरक्षक सर्किट असतं. ते जास्त चार्ज झालं की थांबवतं, फार उतरली की फोन बंद करतं. छंदाच्या बॅटऱ्यांमध्ये सहसा ते नसतं. त्यामुळे हे सर्किट तुम्हीच व्हायचं:

* चार्जर सगळ्या सेलचं व्होल्टेज सारखं ठेवणाराच घ्या.
* प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका.
* चार्जिंगला लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका.
* बॅटरी फुगली असेल तर तिचा नाद सोडा. टोचू नका, दाबू नका.
* खेळून झालं की बॅटरी बंदुकीतून काढून ठेवा.

आधी काय घ्यायचं?

बंदूक नाही. गॉगल.

ताशी ३०० किमीने येणारा छर्रा जाड कपड्यावर टपकन लागतो, उघड्या त्वचेवर लाल वळ उठवतो. डोळ्याला मात्र त्याने कायमची इजा होऊ शकते. साधा चष्मा, उन्हाचा गॉगल चालत नाही. आघात सहन करणारी, चेहऱ्याला चारही बाजूंनी चिकटून बसणारी काच हवी. सोबत दात आणि नाक झाकणारा मास्क. पुढचा दात तुटला की डेंटिस्टचं बिल बंदुकीपेक्षा मोठं होतं.

त्यानंतर घोट्याला आधार देणारे बूट, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. उघड्यावरच्या मैदानांत बहुतेक ठिकाणी जैवविघटनशील छर्रेच चालतात, तेव्हा विकत घेताना तेवढं बघा. बंदूक पहिले दोन-तीन वेळा भाड्याने घ्या. कुठली हातात बसते ते कळेपर्यंत पैसे घालवायची गरज नाही.

मैदानावरचा एक दिवस

टोकियोशेजारच्या चिबा भागात अशी बरीच मैदानं आहेत. सुट्टीच्या दिवशी कोणीही एकट्याने जाऊ शकतं. ठरलेली फी भरायची, नियम ऐकायचे, मग सगळ्यांना लाल आणि पिवळ्या दंडपट्ट्या बांधून दोन गटांत वाटतात. एक डाव दहा-पंधरा मिनिटांचा. दुपारी बहुतेक ठिकाणी करी-भात.

नियम साधारण असे:

* मैदानात काहीही झालं तरी गॉगल काढायचा नाही. वाफ धरली, दिसेनासं झालं, तर हात वर करून बाहेर या आणि मग पुसा. कोणी आत गॉगल उचलताना दिसला तर पंच पूर्ण डाव थांबवतात.
* विश्रांतीच्या जागेत शिरण्याआधी मॅगझीन काढा, नळीतला उरलेला छर्रा जमिनीकडे उडवा, सेफ्टी लावा. बंदूक रिकामी असली तरी कोणाकडे रोखायची नाही.
* भिंतीआडून न बघता नुसता हात बाहेर काढून गोळीबार करायचा नाही.
* शरीर, कपडे, सॅक, हातातली बंदूक, कुठेही थेट लागलं की हिट. आपल्याच गटातल्याचा लागला तरी हिट. आपटून उडालेला छर्रा बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, तरी त्या मैदानाचा नियम विचारून घ्या.
* हिट झालात की मोठ्याने ओरडा, हात वर ठेवून बाहेर जा. जाता जाता ‘तो झाडामागे आहे’ असं साथीदाराला सांगायचं नाही. मेलेला बोलत नाही.
* हिट म्हणालेल्यावर पुन्हा मारायचं नाही.
* येताना-जाताना बंदूक बंद बॅगेत. लष्करी छापाचे कपडे मैदानावर पोचल्यावर घालायचे. ट्रेनमधल्या माणसाला तुमचा खेळ माहीत नसतो.

‘झॉम्बी’ आणि माझी चूक

लागूनही हिट न म्हणणाऱ्याला इथे ‘झॉम्बी’ म्हणतात. मेला, पण हिंडतोय! साबागेत याहून वाईट विशेषण नाही.

माझ्या दुसऱ्याच खेपेला मी ते केलं. ओढ्याच्या काठाने वाकून जात होतो, पाठीवरच्या सॅकवर ‘टक्’ असा आवाज झाला. फांदी असेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला माहीत होतं. दोनेक मिनिटांनी मी पन्नाशीच्या एका काकांना टिपलं. माझा तो पहिलाच नेम. काका ताबडतोब ‘हित्तो!’ म्हणून ओरडले आणि बाहेर जाताना हसून मला अंगठा दाखवला.

जेवताना ते नेमके माझ्या शेजारी येऊन बसले आणि माझ्या नेमाचं कौतुक करायला लागले. करी काही घशाखाली उतरेना. शेवटी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगून टाकलं, की त्याआधी मला लागलं होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘शंका आली की हिट म्हणायचं. दहा मिनिटांत पुढचा डाव आहेच की.’

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. इथे रँक नाही, बक्षीस नाही, हरण्याची किंमत दहा मिनिटं. खोटं बोलून मिळतं फारच थोडं, आणि जातो तो समोरच्याचा अख्खा दिवस. आपल्याकडे गल्लीत अंपायर नसताना ‘बॅटला लागून गेला रे’ म्हणत स्वतःहून बॅट ठेवणारा एखादा पोरगा असतो ना, त्याच्यामुळे सगळ्यांचं क्रिकेट चालतं. हे तसंच आहे.

पण याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तुम्हाला वाटतं छर्रा लागला, तरी तो झॉम्बी असेलच असं नाही. हलका छर्रा लांब जाईपर्यंत वेग गमावतो. लांबून बघताना तो अंगावर गेल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात पुढ्यात पडतो. जाड जॅकेट असेल, पळापळ चालू असेल, तर लागलेलंही जाणवत नाही. ऑनलाइन गेममध्ये लॅगमुळे ‘मी तर मारला होता’ असं होतं, तसंच काहीसं. म्हणून अंगावर जाऊन भांडायचं नाही. फारच शंका असेल तर पंचाला शांतपणे सांगा, तो लक्ष ठेवतो.

भारतात ऑनलाइन मागवू का?

रील बघून हा प्रश्न पडतोच. माझा सल्ला, नका मागवू. या बंदुका लांबून हुबेहूब खऱ्या दिसतात. अमेरिकेत नळीच्या टोकाला नारिंगी रंग लागतो तो याचसाठी. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम आहेत, आणि त्या नियमांत नकली बंदुकांचाही विचार केलेला आहे. पार्सल कस्टम्सला अडकू शकतं, आणि सार्वजनिक जागी अशी बंदूक हातात धरून व्हिडिओ काढला तर पोलिसांना किंवा शेजारच्या आजींना ती खेळण्यातली आहे हे कळायला मार्ग नाही. हौस असेल तर पेंटबॉल किंवा लेझर टॅगच्या ठिकाणी मित्रांना घेऊन जा. गॉगल न काढण्याची आणि बंदूक खाली ठेवण्याची सवय तिथेही लागते.

मी आता महिन्यातून एकदा जातो. नेम अजून यथातथाच आहे. पण पाठीवर ‘टक्’ झालं की हात आपोआप वर जातो. फांदी असली तरी.